उंदीर विसरला, की घाबरला?

आजच्या व्याख्यानाचं नाव वाचून दोघातिघांचे फोन आले. "सर, आयुष्यभर न्यायदर्शन शिकवलंत, आता उंदीर कुठून आणले?" तर उंदीर मी आणलेले नाहीत. ते माझ्या घरी एका बाटलीतून आले. तिथूनच सुरुवात करतो.

माझी थोरली बहीण, आम्ही तिला बाई म्हणतो, ब्रह्मपुरीच्या बाजूला जंगलाला लागून असलेल्या गावात राहते. वय ऐंशीच्या पुढं. दोन वर्षांपूर्वी चैत्रात ती पहाटे मोहफुलं वेचायला गेली आणि उन्हं चढली तरी परतली नाही. साठ वर्षं पायाखालची वाट. शेवटी भाच्याला ती नाल्याच्या पलीकडे सापडली, टोपलं डोक्यावर, एकाच झाडाभोवती फिरत. गावानं निदान करून टाकलं : चकवा लागला. आपल्याकडे वाघाचं जंगल आहे. मोहाच्या दिवसांत पहाटे वाकून फुलं वेचणारी माणसं वाघाच्या तावडीत सापडतात, हे इथं बसलेल्या कोणाला सांगायला नको. त्यामुळे वाट चुकणं हा आमच्या घरी गमतीचा विषय राहिला नाही.

मग भाच्यानं शहरातून ती बाटली आणली. मालकांगोणीचं तेल घातलेलं औषध. सोबतच्या पत्रकावर ठळक अक्षरांत : 'अल्झायमरग्रस्त उंदरांवर सिद्ध, स्मरणशक्ती पूर्ववत.' मालकांगोणी तुम्हाला माहीत आहे. आपल्याच रानातली वेल, पिवळी फळं फुटली की आत नारिंगी-तांबड्या बिया दिसतात. संस्कृतात ज्योतिष्मती. बुद्धीसाठी तिचं तेल घेतात हे माझी आजीही सांगायची. मला खटकलं ते तेल नव्हे, ते वाक्य. 'अल्झायमरग्रस्त उंदीर' म्हणजे कोण? त्याची 'स्मरणशक्ती' कोणी, कशी पाहिली? आणि 'सिद्ध' हा शब्द तर माझ्या धंद्यातला. म्हणून मी सहा महिने हे शोधनिबंध वाचत बसलो. जीवशास्त्र माझा विषय नाही. पण अमुक दिसलं म्हणून तमुक आहे असं जिथं म्हटलं जातं, तिथं नैयायिकाला शिरायचा हक्क आहे.

आधी एक भाषेची अडचण. मराठीत आपण रॅटलाही उंदीर म्हणतो आणि माऊसलाही उंदीरच. वर्तमानपत्रात 'उंदरांवरील प्रयोग' असं येतं तेव्हा दोन वेगवेगळ्या जातींच्या प्राण्यांची सरमिसळ झालेली असते. रॅट मोठा, पाण्यात सराईत. माऊस लहान, पाण्यात टाकला की जास्त बावचळतो. आज मी बोलतोय ते मोठ्या उंदराबद्दल, प्रयोगशाळेतल्या पांढऱ्या रॅटबद्दल.

आता परीक्षा कशी घेतात ते बघा. सगळ्यांत प्रसिद्ध परीक्षा रिचर्ड मॉरिस यांची. हे स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूज विद्यापीठात होते, १९८१ साली त्यांनी ती मांडली. दीड-दोन मीटर व्यासाचं गोल टाकं. त्यात पाणी, आणि तळ दिसू नये म्हणून मूळ प्रयोगात त्यात दूध घालून ते गढूळ केलेलं. पाण्याच्या पातळीखाली थोडंसं बुडालेलं एक लहान व्यासपीठ. उंदराला पोहता येतं पण त्याला पोहायचं नसतं. त्यामुळे तो टेकायला जागा शोधतो. पहिल्या दिवशी योगायोगानं सापडते. पुढच्या दिवशी त्याला टाक्याच्या वेगळ्या कडेपासून सोडतात. म्हणजे 'इतकं पोहून डावीकडे वळ' असं पाठांतर चालणार नाही. त्याला खोलीतल्या खुणा पाहाव्या लागतात : खिडकी तिकडे, दिवा इकडे, म्हणजे माझी जागा मधे. चार-पाच दिवसांत निरोगी उंदीर काही सेकंदांत सरळ तिथं जातो. शेवटी व्यासपीठ काढून टाकतात आणि बघतात, तो टाक्याच्या कोणत्या चतकोरात घुटमळतो. जागेवर काही नसताना तो तिथंच शोधत राहिला, तर त्याला ती जागा आठवते असं मानायचं.

मला ही परीक्षा आवडली, हे कबूल करतो. काही नसलेल्या जागी शोधत राहणं, हे स्मृतीचं फार प्रामाणिक लक्षण आहे. आपण भिंतीवरचं घड्याळ दुरुस्तीला देतो आणि आठवडाभर रिकाम्या खिळ्याकडे बघत राहतो, तसं.

दुसरी परीक्षा साधी आहे. १९८८ साली फ्रान्समध्ये एनासेर आणि देलाकूर यांनी ती मांडली. एका उघड्या पेटीत दोन सारख्या वस्तू ठेवतात, समजा दोन बाटल्या. उंदीर त्या हुंगतो. त्याला बाहेर काढतात. काही वेळानं पुन्हा सोडतात, पण आता एक बाटली तीच आणि दुसऱ्या जागी, समजा, एक ठोकळा. उंदीर स्वभावानं चौकस. नव्या वस्तूकडे जास्त वेळ घालवतो. म्हणजे जुनी त्यानं ओळखली. इथं खाऊ नाही, विजेचा झटका नाही, शिकवणीही नाही. केवळ त्याच्या कुतूहलावर परीक्षा उभी आहे.

इथं जरा थांबतो, कारण इथं आपल्या जुन्या शास्त्राला सांगण्यासारखं आहे. न्यायदर्शन स्मृती आणि प्रत्यभिज्ञा वेगळ्या मानतं. स्मृती म्हणजे केवळ संस्कारातून उठलेलं ज्ञान, वस्तू समोर नसताना. प्रत्यभिज्ञा म्हणजे 'तोच हा देवदत्त', वस्तू समोर आहे आणि जुना संस्कारही जागा झाला आहे. पाण्यातली परीक्षा स्मृतीच्या जवळ जाते, पेटीतली प्रत्यभिज्ञेच्या. निबंधांत मात्र दोन्हींचे आकडे 'मेमरी' या एकाच मथळ्याखाली येतात आणि पत्रकात 'स्मरणशक्ती' होतात. माणसाचंही असंच असतं. बाईला माझं नाव पटकन आठवत नाही, पण मी दारात उभा राहिलो की चेहरा फुलतो. तिला कोणत्या खात्यात नापास करायचं?

आणि पेटीतल्या परीक्षेत तर ओळखही थेट दिसत नाही. उंदीर 'ओळखलं' म्हणत नाही. तो जुन्या वस्तूकडे दुर्लक्ष करतो, आणि त्या दुर्लक्षातून आपण ओळखीचं अनुमान करतो. आता समजा एक उंदीर दोन्ही वस्तूंकडे सारखाच गेला. विसरला? कदाचित. किंवा तो भेदरून कोपऱ्यात बसला आणि कुठंच नीट गेला नाही. किंवा वस्तू नीट पुसल्या नव्हत्या, आधीच्या उंदराचा वास दोन्हींना होता. किंवा त्याला कशातच रस राहिलेला नाही.

न्यायात याला सव्यभिचार हेतू म्हणतात. साधं उदाहरण देतो. 'घरात माणूस आहे, कारण दार उघडं आहे.' पण घाईत शेतावर गेलेल्या माणसाचंही दार उघडं असतं. म्हणजे हेतू साध्याला सोडूनही राहतो. 'उंदराला व्यासपीठ सापडलं नाही, म्हणून तो विसरला' हे वाक्य या जातीचं आहे. न सापडणं हे आंधळ्या उंदरातही असतं, गारठलेल्यातही, पाय लुळे पडलेल्यातही, आणि घाबरून टाक्याच्या भिंतीला धरून गोल गोल पोहणाऱ्यातही.

हे काही मी शोधून काढलेलं नाही, आणि या शास्त्रज्ञांना ते कळत नाही असं तर मुळीच नाही. उलट चांगल्या प्रयोगशाळेचं निम्मं कौशल्य हा व्यभिचार काढण्यात जातं. १९८२ साली मॉरिस आणि सहकाऱ्यांनी हिप्पोकॅम्पस हा मेंदूचा भाग इजा केलेले उंदीर तपासले. लपलेलं व्यासपीठ त्यांना सापडेना. पण तेच व्यासपीठ पाण्याच्या वर, डोळ्यांना दिसेल असं ठेवलं तर ते तिथं पोचायचे. म्हणजे डोळे ठीक, पाय ठीक, टेकायची इच्छा ठीक. जागेचं स्मरण तेवढं गेलेलं. याला म्हणतात हेतू शुद्ध करणं. तसंच पोहण्याचा वेग मोजतात. उघड्या मैदानाची परीक्षा घेतात, ती तर १९३४ पासूनची, कॅल्विन हॉल यांची : उंदीर मोकळ्या जागेत मधे जातो की कडेकडेनं फिरतो, किती फिरतो. भीती आणि कुतूहल यांचा अंदाज आधी घेतला, तर पुढच्या परीक्षेतली चूक स्मृतीची की धास्तीची, हे थोडं तरी वेगळं करता येतं.

माझा आक्षेप सुरू होतो तो पुढच्या टप्प्यावर. 'अल्झायमरग्रस्त' या शब्दापाशी.

उंदराला आपण होऊन अल्झायमर होत नाही. तो करावा लागतो. कोणी मेंदूत अमायलॉइड टोचतं, कोणी स्ट्रेप्टोझोटोसिन. २०१३ साली माणसाची दोन बिघडलेली जनुकं घालून उंदरांचं एक वाण तयार झालं. त्यांच्या मेंदूत वयाबरोबर अमायलॉइडचे साठे, टाऊ प्रथिनाची विकृती आणि पेशींची हानीही दिसते. मोठं काम आहे. पण ती जनुकं ज्या घराण्यांत सापडतात ती फार थोडी, आणि तिथं आजार अवेळी येतो. ऐंशीच्या घरातल्या बहुतेक रुग्णांची गोष्ट ती नाही.

आणि सगळ्यांत स्वस्त, आपल्या देशातल्या औषधनिर्माण महाविद्यालयांत पुष्कळ वापरला जाणारा मार्ग म्हणजे स्कोपोलामाइन. परीक्षेच्या थोडा वेळ आधी उंदराला हे टोचायचं. स्कोपोलामाइन कशात असतं? धोत्र्यात! आपल्या उकिरड्यावर उगवतो तो धोत्रा. मेंदूतल्या ॲसिटिलकोलीन या रसायनाचं काम तो अडवतो. धोत्रा पोटात गेलेला माणूस भ्रमिष्टासारखा वागतो, बाहुल्या मोठ्या होतात, आणि उतरला की माणूस ताळ्यावर येतो. आता मला सांगा, धोत्रा खाल्लेल्या पोराला कोणी म्हातारचळ लागला म्हणेल का?

यामागं काही विचारच नव्हता असं मात्र नाही. १९७४ साली ड्रॅकमन आणि लेविट यांनी तरुण माणसांना स्कोपोलामाइन दिलं, तेव्हा त्यांच्या चुका वृद्धांच्या चुकांसारख्या दिसल्या. अल्झायमरमध्ये ॲसिटिलकोलीन कमी पडतं हेही पुढं दिसलं, आणि त्यातूनच डोनेपेझिलसारखी औषधं आली. ती आजार थांबवत नाहीत, काही काळ थोडा आधार देतात. पण यात एक अन्योन्याश्रय लपला आहे. ॲसिटिलकोलीन अडवून बिघाड केला, तर त्या परीक्षेत ॲसिटिलकोलीनशी खेळणारी औषधंच पुढं येण्याचा संभव जास्त. चाळणीची भोकं जशी, तसे दाणे. शिवाय बाहुल्या मोठ्या झालेल्या उंदराला भिंतीवरच्या खुणा नीट दिसतात का, हा प्रश्न राहतोच. काळजीवाहू संशोधक त्यासाठी मिथाइलस्कोपोलामाइन देऊन पाहतात. ते मेंदूत फारसं शिरत नाही, शरीरावरचे परिणाम मात्र करतं. तेव्हा उंदीर चुकला नाही, तर दोष मेंदूतला. किती निबंधांत ही तुलना असते हे तुम्ही स्वतः चाळून बघा.

आता मालकांगोणी. पत्रकात कोणत्या प्रयोगाचा आधार ते लिहिलेलं नव्हतं. शोधताना मला १९९७ चा एक निबंध सापडला, अमेरिकेतल्या संशोधकांचा. मालकांगोणीच्या बियांचं तेल आणि पाण्यातली परीक्षा. निबंध नेटका आहे. तरुण उंदरांना १४ दिवस तेल दिलं, मग स्कोपोलामाइन टोचलं, तर त्यानं होणारा बिघाड भरून निघाला. एकदाच दिलेल्या तेलानं असा फरक पडला नाही. आणि डोनेपेझिल ज्या वाटेनं काम करतं त्या वाटेनं हे तेल काम करत असावं असं त्यांना दिसलं नाही. म्हणजे माझ्या चाळणीच्या आक्षेपाला इथं थोडं उत्तर मिळतं, तेही सांगायला हवं. निबंधाच्या शीर्षकात काय आहे? स्कोपोलामाइनमुळे आलेली जागेच्या स्मरणातली तूट. तेवढंच. लेखकांनी जे पाहिलं ते लिहिलं.

हेच वाक्य सरळ मराठीत मांडू : दोन आठवडे मालकांगोणीचं तेल घेतलेले तरुण उंदीर धोत्र्यातल्या द्रव्यानं कमी भुलले. ऐकायला छान आहे, यावर पुढं काम व्हावं असंही वाटतं. पण या वाक्यापासून 'अल्झायमरग्रस्त उंदरांवर सिद्ध' इथवर येताना म्हातारपण गळालं, मेंदूतल्या पेशींचा नाश गळाला, आणि बाटली विकली गेली.

फसवणूक फक्त बाटल्यांच्या दुकानात असते असंही समजू नका. २००६ साली नेचरसारख्या मासिकात मिनेसोटा विद्यापीठातला एक निबंध आला. अमायलॉइडचा एक विशिष्ट पुंजका माऊसच्या मेंदूतून काढून तरुण रॅटमध्ये टोचला की रॅटची स्मृती बिघडते, असा दावा. शेकडो निबंधांनी त्याचा हवाला दिला. २०२२ मध्ये त्यातल्या चित्रांवर शंका जाहीर झाल्या, आणि जून २०२४ मध्ये, चित्रांत फेरफार झाल्याच्या कारणावरून, तो मागे घेतला गेला. अठरा वर्षं! अमायलॉइडचा सगळा विचार त्या एका निबंधावर उभा नव्हता, त्यामुळे सगळंच खोटं होतं असा निष्कर्ष काढू नका. पण 'रॅट विसरला' हा आकडा आला की आपण बाकीचं तपासायचं विसरतो, हे त्यातून दिसतं.

मग उंदीर सोडूनच द्यावेत? नाही. इथं मला बाईचा चकवा आठवतो. एडवर्ड टोलमन यांनी १९४८ साली उंदीर आणि माणसं यांच्या मनातल्या नकाशांवर एक निबंध लिहिला. बक्षीस नसतानाही नुसता भटकणारा उंदीर जागेचा नकाशा मनात बनवत असतो, हे त्यांचं म्हणणं. पुढं १९७१ मध्ये जॉन ओकीफ यांना उंदराच्या हिप्पोकॅम्पसमध्ये अशा पेशी सापडल्या ज्या विशिष्ट जागी आल्यावरच चेततात. २००५ मध्ये मोझर दांपत्याला शेजारच्या एन्टोरायनल भागात जाळीसारख्या रचनेनं जागा मोजणाऱ्या पेशी सापडल्या. तिघांना २०१४ चं नोबेल मिळालं. आणि हाच एन्टोरायनल भाग अल्झायमरमध्ये फार लवकर पोखरला जातो. ओळखीच्या वाटेवर माणूस हरवतो त्याचं एक कारण तिथं असावं. हे ज्ञान उंदरांनी दिलं. गाव ज्याला चकवा म्हणतं, त्याच्या मुळाशी जायला टाक्यातला उंदीर मला पंचांगापेक्षा उपयोगी वाटतो.

म्हणून आम्ही बाईला डॉक्टरांकडे नेलं. कुठं ते सांगत नाही, सांगण्यात अर्थ नाही. तिथं तिला विचारलं, आज तारीख काय? साल कोणतं? शंभरातून सात वजा करा. एक वाक्य लिहा. बाई शाळेत गेलेली नाही. ती झाडीबोली बोलते आणि प्रश्न येत होते पुस्तकी मराठीत, मधेच हिंदीत. तिनं माझ्याकडे बघून म्हटलं, "मले का विचारते बाप्पा, क्यालेंडर त पोरगा पायते." पाच मिनिटांत कागदावर गुण पडले आणि ती नापास झाली.

मंडळी, मी तिथं बसून मॉरिसच्या टाक्याचा विचार करत होतो. उंदराला त्याच्या स्वभावाला धरून परीक्षा देतात. त्याला पोहता येतं म्हणून पाणी, तो चौकस म्हणून नवी वस्तू. आणि लपलेल्या व्यासपीठाआधी नाही तर नंतर, पण उघडं व्यासपीठ त्याला दाखवतात. माझ्या बहिणीला कोणी उघडं व्यासपीठ दाखवलं नाही. 'तारीख सांगता आली नाही, म्हणून विसरली' हाही सव्यभिचार हेतूच. तारीख तिला तिशीतही सांगता आली नसती. मोह कधी गळायला लागतो, कोणत्या झाडाचा आधी, तेंदूची पानं तोडायला कधी निघायचं, हे विचारलं असतं तर?

हे अशक्य नाही, करून झालेलं आहे. हरियाणातल्या बल्लभगडला, निरक्षर खेडुतांसाठी, मेरी गांगुली आणि सहकाऱ्यांनी ही प्रश्नावली १९९५ च्या सुमारास नव्यानं बांधली. लिहायला लावण्याऐवजी बोलायला सांगितलं, अक्षरं उलटी म्हणण्याऐवजी वार उलटे विचारले. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार साठीपुढच्या शंभरांत सातांहून थोड्या जास्त जणांना, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसांना, स्मृतिभ्रंश आहे. शहरापेक्षा खेड्यात जास्त, पुरुषांपेक्षा बायकांत जास्त. म्हणजे बाईसारख्याच बायका. झाडीबोलीत, माडियात, गोंडीत नीट पारखून घेतलेली प्रश्नावली त्यांच्यासमोर ठेवायला नको का? आपल्याकडे गडचिरोलीत विद्यापीठ आहे, बोलीचे जाणकार आहेत, खेड्यांत घरोघर जाणारे आरोग्यकर्मी आहेत. याला टाकंही लागत नाही.

आता तुम्ही म्हणाल, बाईचं पुढं काय झालं. दुसऱ्या डॉक्टरांनी आधी डोळे तपासले. डाव्या डोळ्यात पिकलेला मोतीबिंदू. कानात मळ. रक्तात बी-बारा कमी. हे सगळं दुरुस्त केलं. हे तिचं उघडं व्यासपीठ. मला वाटलं होतं, सुटलो. पण या चैत्रात नात तिच्यासोबत गेली, तेव्हा बाईनं तीन मोह बरोबर दाखवले, पहिला कुठला गळतो तेही सांगितलं, आणि घराकडे वळायची वेळ आली तेव्हा उलट्या दिशेनं चालू लागली. एकदा नाही, चार दिवसांत तीनदा. तेव्हा आजार आहे. निदान खरं होतं, मार्ग चुकीचा होता. तर्कशास्त्रात असंही होतं, आणि त्याचा आनंद मानता येत नाही.

(श्रोत्यांमधून प्रश्न : सर, मग ते तेल देता की नाही?)

नाही देत. तिला रक्त पातळ ठेवायची गोळी चालू आहे, आणि त्या तेलाबरोबर ती कशी वागेल हे मला कोणी सांगू शकलं नाही. धोत्रा न खाल्लेल्या, ऐंशीच्या पुढच्या माणसांवर नीट प्रयोग झाले की बघू. बाटली माझ्याच टेबलावर आहे. पत्रक मी पुस्तकात खूण म्हणून घालतो.

(प्रश्न : घरच्यांनी डॉक्टरांना काय विचारायचं?)

डोळे आणि कान तपासले का, हे आधी. मग थायरॉइड, बी-बारा, चालू असलेल्या गोळ्या. झोपेच्या, सर्दीच्या काही गोळ्याही ॲसिटिलकोलीन अडवतात, म्हणजे थोडा धोत्राच. ती यादी कागदावर लिहून न्या. आणि प्रश्न तिच्या बोलीत विचारायला घरातलं माणूस बसू द्या म्हणावं, पण उत्तर आपण द्यायचं नाही. मी पहिल्या वेळी देत होतो.